पत्र्याआडची सावली

अँटेनावाला पत्र्याच्या छपरावर चढला की त्याची ताई खाली गोदामात वायरलेस सेट घेऊन, जीव मुठीत धरून उभी राहायची. वीस वर्षांत तिची भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

आज वर पाहते तर भावाची सावली! लोखंडातून सावली कशी दिसेल? म्हणजे तो उजेडासाठी मध्येच बसवलेल्या, धुळीने माखलेल्या जुन्या प्लास्टिकच्या पत्र्याशी पोचला होता, आणि तो पत्रा माणसाचा भार कुठला पेलणार! अँटेना जोडेपर्यंत गोदामाच्या आतून सेट मुकाच. तिने सळई उचलून खांब बडव बडव बडवला.

सावली थबकली, मागे सरली.

तासाभराने सेट खरखरला, "ताई, त्या खांबाने तुझं काय घोडं मारलं होतं गं?"

"आधी खाली उतर, मेल्या," ती म्हणाली. सळई अजून तिच्या हातातच होती.