पळा, बसू नका!

लिमाच्या समुद्रकड्यावर फोर्तुनातो सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. पाहुण्यांना पुढ्यात बांधून पॅराग्लायडरने समुद्रावर हिंडवून आणायचं, हा त्याचा धंदा. पण आज वाराच मेला होता आणि खांबावरचं कापड ढिम्म लोंबत होतं. दोन दिवसांसाठी आलेले पाहुणे कंटाळून बोटीच्या सफरीला निघून गेले, तरी याचा पाय काही ठरेना. घरीही तो असाच. बायको एर्मेलिंदा म्हणायची, "बुडाखाली निखारे ठेवलेत का रे?" झोपेतसुद्धा तो पाहुण्यांना दरडावल्यासारखा ओरडायचा, "पळा! बसू नका!" कड्याच्या टोकापर्यंत पळावंच लागतं, जमीन सुटण्याआधीच जो पट्ट्यांच्या बैठकीत बसला, तो आपटला.

दुपारी एर्मेलिंदा त्याच्यासाठी तळलेलं मांस आणि रताळं भरलेला पाव घेऊन आली, आणि नेमकं तेव्हाच कापड फडफडलं. पाहुणा तर एकही नव्हता.

"चल, तूच चल!" म्हणत त्याने तिलाच पट्टे बांधले. "आता पळ! बसू नकोस!"

"मेल्या, लग्न झाल्यापासून पळतेच आहे!" ती पळता पळता ओरडली. "बसायचं कधी, तेवढं सांग!"

पायाखालची जमीन सुटली. इथे तो सगळ्यांना "आता बसा" म्हणतो. आज तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आता बस."