गोंधळ्याला, वीस युरो

हेडमास्तरांची मुलगी! लायडनच्या मराठी मंडळात मंजूषाची हीच ओळख, आणि ती थाप तिचीच. वडील नीळकंठ जातिवंत गोंधळी. लग्नाकार्याला दारोदार संबळ वाजवायचे आणि मिळेल ती बिदागी घ्यायचे. त्याच बिदागीवर ही बाई शिकली, परदेशी आली, आणि पहिल्याच हळदीकुंकवाला पुण्यामुंबईच्या बायकांपुढे हिची जीभ घसरली. पुढं सावरायचं म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

आणि हिचं काम काय असावं? विद्यापीठात बसून इंग्लंडातल्या एका मठाच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या हिशेबवह्या वाचायच्या, आणि फिरत्या वादकांना काय दिलं ते टिपायचं. "एका वादकाला, चार पेन्स." पुढच्या पानावर पुन्हा तेच. नाव नाही, गाव नाही. मंजूषा चिडायची, "माणूस एवढा वाजवून गेला, आणि मेल्यांना त्याचं नाव विचारवलं नाही!"

२००५च्या नवरात्रात नीळकंठ लोककलेच्या पथकाबरोबर हॉलंडला आले. एक दिवस मोकळा मिळाला तसे लेकीकडे लायडनला आले, ते नेमके मंडळाच्या कार्यक्रमाच्या दिवशी. खांद्याला संबळ.

"हे कोण गं?" मंडळाच्या अध्यक्ष मीनलताईंनी विचारलं.

"आमच्या गावचे गोंधळी," मंजूषा म्हणाली.

नीळकंठांनी ऐकलं. असा संबळ वाजवला, की खुर्च्यांवरची मंडळी उभी राहिली. मीनलताईंनी वीस युरोंचं पाकीट दिलं, ते त्यांनी कपाळाला लावलं. निघताना सगळ्यांदेखत लेकीला हात जोडले. "येतो, ताई." घरी ते तिला मंजे म्हणायचे.

मंडळाची खजिनदार मंजूषाच. तिनं वहीत लिहिलं, "गोंधळ्याला, वीस युरो." त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. फोन करायची, पण बोलणं हवापाण्यापुढं सरकायचं नाही.

फेब्रुवारीत मठाच्या वहीत एक ओळ आली. "आपले मठवासी ब्रदर जॉन यांचे वडील, वादक, यांना सहा पेन्स." तिनं ती तीनदा वाचली. त्या कारकुनाचं नुसतं "एका वादकाला" लिहून भागलं असतं, तरी त्यानं नातं लिहिलं होतं. लाज वाटून तिचे कान तापले.

त्याच रविवारी मंडळाची वार्षिक सभा. हिशेब तिलाच वाचायचा होता. नवरात्राच्या खर्चापाशी ती थांबली.

"गोंधळ्याला, वीस युरो. नीळकंठ त्यांचं नाव. ते माझे वडील. हेडमास्तर वगैरे कुणी नाहीत, मी खोटं बोलले."

मीनलताई म्हणाल्या, "अगं, मी त्यांच्या हातावर पाकीट ठेवलं, आणि तू नुसती बघत राहिलीस?"

घरी येऊन तिनं फोन लावला.

"आण्णा, मी सगळ्यांना सांगितलं. तुम्ही माझे वडील म्हणून."



"बरं केलंस, मंजे. मग ती वीसची नोट कुणाबरोबर तरी पाठवतो. ट्रंकेत तशीच आहे, मोडली नाही. लेकीच्या घरच्या कार्याला बिदागी घेत नसतात."

"मग तेव्हा का घेतलीत?" तिला रडू आवरेना.

"तेव्हा मी गावचा गोंधळी होतो ना, बाळ."