अजमेरला सामानापाशी

सुलतानबी मणेर अजमेरला दोनदा जाऊन आली. पहिल्या खेपेला तिनं त्या एवढ्या मोठ्या गावातलं मुसाफिरखान्याचं अंगण तेवढं पाहिलं. अंगणात एक नळ होता, त्याला पाणी कधी येई, कधी येत नसे. भिंतीकडेला यवतहून गेलेल्या माणसांची गाठोडी होती आणि गाठोड्यांपाशी ती होती.

तिला असं बसवणं कुणाला वावगं वाटत नसे, कारण ती बसतच आलेली होती. नवरा लवकर गेला. बांगड्यांच्या माळा त्याच्या खांद्यावरून तिच्या खांद्यावर आल्या. यवतच्या आठवडी बाजारात ती दुकान मांडी आणि एरवी खेड्यापाड्यांनी हिंडे, कधी भीमा ओलांडून पार वडगाव रासाईपर्यंत. लग्नाचा चुडा भरायला पंचक्रोशीत तिलाच बोलावणं असे. चुडा भरून झाला, की घरातली कुणीतरी म्हणे, "सुलतानबी, आता आलीच हायेस तर जरा जानवसघराकडं बघ की."

जानवसघरात मुलाकडच्यांच्या ट्रंका असत. सगळं वऱ्हाड मांडवाकडं गेलं, की त्या ट्रंकांपाशी एक विश्वासाचं माणूस लागे. सुलतानबी उंबऱ्याशी पाय लांब करून बसे. मंगलाष्टकं लांबून ऐकू येत. वाजंत्री एकदम जोरात उठली, की अक्षता पडल्या असं ती समजे. अशी कितीतरी लग्नं तिनं ऐकली. मी भरलेला चुडा बोहल्यावर कसा दिसतो, हे एकदा तरी बघायचं राहिलंय, असं ती माझ्या मुक्ताआत्याला म्हणाली होती. पण ते एकदाच, आणि बोलता बोलता. आत्याचं घर तिच्या घराला लागून होतं. दोघींची चूल एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पेटे, आणि त्या भिंतीआडून दोघी एकमेकींशी बोलत.

पहिली खेप अठ्ठावन्न सालची. सुलतानबीची मुलगी शहाबानो शिरूरला दिलेली होती. तिची मुलं जगत नव्हती. उरुसाला जाऊन दर्ग्याच्या जाळीला धागा बांधायचा, एवढ्यासाठी सुलतानबी निघाली होती. पण तिथं गेल्यावर सामानाचा प्रश्न आला. खोली मिळाली नव्हती, ओसरीला कडीकुलूप नव्हतं, उरुसाची गर्दी. मग तिच्या धाकट्या जावेनं, खुर्शिदनं, तिच्या नावानं धागा बांधला. पुढं वर्षभरात शहाबानोला मुलगी झाली. ती जगली, चालू लागली, आजीच्या बांगड्या फोडू लागली.

मागणं पुरं झालं, की परत जाऊन धागा सोडायचा असतो. हजारो धाग्यांत आपला कोण ओळखणार? हाताला लागेल तो सोडायचा. आपला दुसरं कुणीतरी सोडतं. पण ज्यानं मागितलं त्यानं जायचं, एवढं मात्र सुलतानबीच्या मनात पक्कं होतं. वर्षामागून वर्ष गेलं. गुडघे धरू लागले. उतारावर ती आडवी पावलं टाकत उतरायची. त्रेसष्ट साली उरुसाच्या आधी ती भिंतीआडून म्हणाली, "मुक्ताबाई, औंदा न्हाई गेले तर मंग न्हाईच व्हायचं."

"मी बी येते," आत्या म्हणाली. "अजमेरावरनं पुष्कर जवळ हाय म्हणं. तुजा दर्गा, माजं तळं."

सुलतानबीच्या बहिणीचा मुलगा इनुस दौंडला रेल्वेत होता. कुठली गाडी कुठं धरायची, हे त्याला पाठ. मनमाड, भुसावळ, मग खांडव्याला उतरून छोट्या लाइनची गाडी. त्या गाडीत बसायला जागा मिळाली, तशी इनुसनं अजमेर सांगायला सुरुवात केली. दर्ग्यातल्या दोन डेगा, म्हणजे भात शिजवायचे थोरले हंडे, एकीत तर शिडी लावून उतरतात. अढाई दिन का झोपडा म्हणतात ती जुनी मशीद. तारागडावरून सगळा गाव खाली दिसतो. आणि आनासागर. "ह्ये एवढं तळं, खाला. काठाला पांढऱ्या दगडाच्या बाऱ्या, खांबांवरचे मंडप म्हणा की, बादशहानं बांधलेल्या. सांजच्याला तिथं नुसतं बसलं तरी माणूस गार हुतंय."

"मागल्या खेपंला बी सांगितलंस," सुलतानबी म्हणाली.

"औंदा दावतो."

यवतच्या आणखी काही बायका बरोबर होत्या, आणि खुर्शिद खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "भाभी, तुम्ही कशाला त्या रेटारेटीत? बांधला मी, सोडीन बी मीच. तुमचं गुडगं बघा."

"न्हाई. ह्ये माजं मला करू दे."

"बरं बाई, करा."

अजमेरला पोचले ते आंबून. तोंडात कोळशाची कचकच, अंगावर दोन रात्रींचा प्रवास. मुसाफिरखान्यात पुन्हा ओसरीच मिळाली. गाठोडी भिंतीला लागली, बायका नळाशी गेल्या. परतल्या तेव्हा सुलतानबी गाठोड्यांना टेकून बसलेली होती. कुणी तिला बस म्हटलं नव्हतं. ती दमली होती म्हणून टेकली होती. पण ती तशी बसलेली बघितल्यावर सगळ्यांची वाटणी आपोआप झाली.

"खाला, बसलाच हाय तर बसा," इनुस म्हणाला. "आमी सलाम करून आलोच. मंग तुमाला नेतो."

ते आले ते अंधार पडल्यावर. गुलाबाच्या पाकळ्या, डेगेतला गोड भात, आणि सगळ्यांची एकदम बडबड. सुलतानबीनं भात खाल्ला. कुठं काय पाहिलं ते ऐकलं. तारागडाच्या चढाला खुर्शिदचा दम कसा गेला, यावर हसलीसुद्धा. "उद्या," इनुस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुक्ताआत्या बसनं पुष्करला निघाली. तिच्याबरोबर इनुसला जावं लागलं. परतीची गाडी त्याच दिवशी संध्याकाळची होती. सुलतानबीनं सकाळीच अंघोळ करून नवं लुगडं नेसून ठेवलं होतं. खुर्शिद आणि बाकीच्या बायका बाजारात गेल्या होत्या. त्या येतील आणि मग आपण जाऊ, असं तिनं धरलं होतं. ऊन ओसरीवर चढलं आणि पलीकडं उतरायला लागलं.

दुपारी खुर्शिद एकटीच आली. टाचेला फोड आला होता, म्हणून लंगडत होती, पण चेहरा खुलला होता.

"भाभी, तुमचं काम करून आले."

"कसलं काम?"

"धागा सोडला की! गर्दी काय म्हणताय, चेंगरत हुते. पर म्हणलं, भाभीला एवढ्यातनं कुठं आणायचं? तुमचं नाव घेतलं, शहाबानोचं घेतलं, पोरीचं घेतलं आन् सोडला. आता सुटलात तुम्ही."

सुलतानबीनं नव्या लुगड्याचा पदर मांडीवर सारखा केला. खुर्शिदनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, टाच पुढं घेऊन फोड न्याहाळला. मग भाभीचा चेहरा तिच्या लक्षात आला.

"रागावला का काय? चांगलंच केलं न्हवं?"

"चांगलंच केलंस," सुलतानबी म्हणाली. तिचा आवाज रागावल्यासारखा नव्हता. उलट थकलेला होता. सुलतानबीनं भिंतीला हात लावला, एक गुडघा सरळ केला, मग दुसरा. उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला.

"कुठं निघालात?"

"दर्ग्याला."

"आन् सोडला म्हणतेय ना मी!"

"तू सोडलास त्यो कुणाचा बी आसंल. मी आनखी येक सोडते."

"आन् सामान? भाभी, मी एकटी कशी... माजा पाय बघा की!"

"म्हणूनच म्हणते, तू बस."

ती अंगणातून बाहेर पडली तेव्हा खुर्शिद मागून ओरडत होती, की गाडीची वेळ होईल, की चुकाल, की इनुस मला बोलंल. सुलतानबीनं मागं पाहिलं नाही. हे सगळं पुढं खुर्शिदनंच आत्याला सांगितलं, तक्रार करता करता, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

दर्ग्याची गल्ली अरुंद. माणसांचा लोंढा आपोआप आत नेत होता. सुलतानबीला पाय उचलावे लागले नाहीत, असं ती म्हणायची. बुलंद दरवाजा वर बघायला मान वळली नाही. डेगा कुठल्या बाजूला होत्या, तेही कळलं नाही. जाळीपाशी आली तेव्हा मात्र ती थांबली. मागचे रेटत होते. तिनं दोन्ही हातांनी जाळी धरली आणि हाताखाली आलेला एक धागा चाचपला. लाल होता, विटलेला, गाठ आवळून बसलेली. बोटांना ती सुटेना. कुणीतरी म्हणालं, "अम्मा, आगे बढो." ती हलली नाही. नख घातलं, दात लावले, आणि गाठ सुटली. तिनं शहाबानोचं नाव घेतलं, नातीचं घेतलं. मग ज्या कुणाचा धागा होता, त्याचं नाव माहीत नव्हतं, म्हणून थोडा वेळ नुसती उभी राहिली.

बाहेर आल्यावर मुसाफिरखान्याकडं वळायचं ते ती वळली नाही. एका फुलवाल्याला तिनं विचारलं, "तालाब किधर?" त्यानं हात केला तिकडं ती चालू लागली. मधे मधे बसत, कुणाच्या पायरीवर, कुणाच्या दुकानाच्या फळीवर.

इनुस तिला शोधत आला तेव्हा ऊन कललं होतं. तो पुष्करहून परतला होता, दर्ग्यात दोन फेऱ्या झाल्या होत्या. गाडीला वेळ उरला नव्हता, म्हणून बाकीच्यांना स्टेशनवर पाठवून, गाडीत खालाला 'औंदा दावतो' म्हटलेलं आठवून, तो आणि मुक्ताआत्या टांगा करून तळ्यावर आले होते. पांढऱ्या दगडाच्या एका बारीत, खांबाला पाठ लावून सुलतानबी झोपली होती. तोंड उघडं, पदर खांद्यावर, चपला पायांतून सुटून बाजूला. समोर एवढं पाणी, आणि ती गाढ झोपलेली.

"खाला! आवो खाला! गाडी!"

तिनं डोळे उघडले. तिला कुठं आहोत ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं पाण्याकडं पाहिलं.

"उठा, टांगा हुबा हाय. धावपळ केली तर अजून घावंल."

"गेली तर जाऊ दे."

"आवो सगळी ठेसनात बसल्यात! सामान तिथं, खुर्शिदचाची रडतेय..."

"सांजची दुसरी न्हाई का?"

"सकाळची हाय. पर..."

"मंग सकाळची." तिनं पाय जरा पुढं घेतले. "मी आता कुठं आलेय, इनुस. आल्या आल्या डोळा लागला. बघितलं काय न्हाईच अजून."

इनुसनं मुक्ताआत्याकडं पाहिलं. आत्या सकाळपासून घाटांवर चढउतर करून आली होती. ती सुलतानबीच्या शेजारी टेकली.

"तूबी बसलीस व्हय?" इनुस वैतागून म्हणाला. "आता त्यांना काय सांगू मी?"

"सांग, गाडी चुकली," आत्या म्हणाली.

तो बडबडत टांग्याकडं निघाला. पाण्यावर वारा होता. पलीकडच्या डोंगराची सावली अर्ध्या तळ्यापर्यंत आली होती, आणि कडेला बदकांची एक रांग सावलीतून उजेडात जात होती. सुलतानबी त्यांच्याकडं बघत होती. बघता बघता तिनं मान वळवून हाक मारली,

"इनुस! येताना च्या आण रं. तिघांचा."