चार दात कमी

धसईच्या त्या भातगिरणीवाल्याला मी कधी घाईत पाहिलं नाही. गिरणी चालू असताना तो मोटरवर तळवा ठेवतो आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजतो. दहापर्यंत हात टिकला तर ठीक, नाहीतर भात ओतणाऱ्यावर ओरडतो, "हळू रे, तिलाबी जीव हाय!"

माझ्या रिमोटच्या गाडीच्या दोन मोटरी जळाल्या, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. मोटरवरच्या चाकाला दात जास्त, तर गाडी फास्ट, एवढंच मला ठाऊक होतं. कापणी झालेल्या खाचरात अशा गाड्यांची शर्यत होती, तिथे तो माझ्याबरोबर आला. सराव संपताच त्याने मोटरला हात लावला, तिनालाच काढला आणि माझं एकोणीस दातांचं चाक उतरवून माझ्या सुट्या भागांच्या डबीतलं पंधराचं बसवलं.

"अहो, हरवाल मला!" मी चिडलो.

"मास्तर, हा डांबरी रस्ता नाय. धसकटं हायत, बांध हाय. तिला झेपंल तेवढंच द्या."

शर्यत सुटली आणि मुरबाडची गाडी लांब पुढे गेली. मी रागाने पाहिलं, तर हा तंबाखू मळत होता. चौथ्या फेरीत बांध चढता चढता त्या गाडीतून धूर निघाला. आमची तिला ओलांडून पहिली आली.

लोकांनी मला उचललं. तो गाडीपाशी उकिडवा बसला, मोटरवर तळवा ठेवला आणि पहिल्यांदाच मोठ्याने मोजू लागला. सातपासून सगळं खाचर त्याच्याबरोबर मोजत होतं. दहा झाले, तरी त्याने हात काढला नाही.