चार पट्ट्यांचं डबडं

ये बाई, कागदावर का होईना, अशी जवळ सरक. आणि आधी बोलणी खा. परवा फोनवर मला म्हणालीस, "मामीआजी, कपाटावरचं ते डबडं एकदाचं भंगारात दे की!" डबडं म्हणतीस होय गं? त्या डबड्यात तुझी आजी बसलेली आहे. तीही दोनदा.

तुझी आजी, म्हणजे माझी थोरली नणंद, आणि तिची धाकटी बहीण या दोघी औशाच्या खालच्या अंगाला एकाच गावात दिलेल्या. आसपास कुठंही हळद लागो, गाणी या दोघींचीच. थोरलीनं ओळ द्यायची, धाकटीनं उचलायची. दिलेली ओळ कुणी उचललीच नाही तर गाणं उघडं पडतं, असं त्या मानायच्या. भूकंपात धाकटी गेली. थोरली आमच्याकडं लातूरला आली ती राहिलीच, पण गाणं बंद. माझ्या लेकीच्या हळदीला बायांनी लई आग्रह केला. म्हणाली, "ओळ देईन गं, उचलंल कोण?" मी उचलायला गेले तर माझ्याकडं असं बघितलं की मी गुमान हळद कालवायला बसले. माझा आवाज तुला ठाऊक आहे.

पण गाणी सगळी त्या एकीच्याच डोक्यात. ती गेली की गाणी गेली, हा मला घोर.

तवर लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलेलं. आम्हीही पुढच्या खोल्या मुलींना दिल्या. कुणी नायगावची, कुणी धर्माबादची. एक सूत्रं घोकून राहिली, दुसरी बेडकाचे अवयव. तसल्या गलक्यात मी घरचा साधा टेप लावून थोरलीला बसवलं. तिनं कशीबशी एक ओळ दिली आणि सवयीनं थांबली. तेवढ्यात भिंतीपलीकडून ठणठणीत आवाज: "हृदयाला कप्पे तीन!" थोरली पदर झटकून उठली. "ही उचलणार होय माझी ओळ?"

त्याच महिन्यात माझं माहेरी, नांदेडला जाणं झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं रेडिओ-टेपचं दुकान होतं. मी त्यांना चाचा म्हणायची, ते मला आपा. त्यांच्यापुढं हे रडगाणं गायले. चाचांनी फळीवरची दोन यंत्रं खाली काढली. वापरलेलीच होती, निवडणुकीच्या प्रचाराच्या कॅसेटी भरणाऱ्यांनी विकलेली. म्हणाले, "आपा, साध्या टेपावर नवीन भरलं की जुनं पुसतं. इथं एकाच कॅसेटवर चार पट्ट्या, शेतातल्या नांगराच्या तासावानी शेजारी शेजारी. आज एकीवर गा. उद्या ते कानात ऐकत दुसरीवर गा. वाजताना दोन्ही संगट."

"म्हणजे एकच बाई दोन्हीकडून?"

"एकटी बाई चौघी होईल, आपा. घरवाल्याला आधी सांगून ठेवा."

थोरली ओळ देईल आणि थोरलीच उचलेल!

दोन्हींतलं एक चकचकीत, लाल दिवे लुकलुकणारं. दुसऱ्याचं झाकण तुटकं, एक बटण गायब. मी अर्थातच दिव्यांवर हात ठेवला. चाचा म्हणाले, "मडकं घेताना वाजवून बघता ना? मग?" शेजारी बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा बसायचा. त्याला पेटीची एकच पट्टी दाबून धरायला सांगितली, आणि तो सूर दोन्ही यंत्रांत भरला. चकचकीतातून सूर आला तो लातूर-नांदेड बशीत बसून गायल्यासारखा, प्रत्येक खड्ड्याला हिसका. तुटक्यातून आला सरळ, सुईत ओवावा असा. मग ज्याच्यावर फीत घासते त्या हेडावरून चाचांनी माझं नख फिरवलं. "अटकतंय? म्हणजे झिजलं." तुटक्याच्या हेडावर अटकलं नाही. फक्त त्याची चौथी पट्टी बसक्या आवाजाची. मी म्हणाले, "असू द्या, मला दोनच बाया पायजेत."

गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणतो, "मावशी, लेकराचं अर्धं तिकीट काढा!"

मुली शिकवणीला गेल्या की घर दोन तास शांत. थोरलीनं पहिल्या पट्टीवर ओळ दिली, धाकटीपुरती जागा सोडली, पुन्हा दिली. मग कानावर हेडफोन चढवला. स्वतःचाच आवाज ऐकून आधी दचकली. आणि मग उचलली की गं! तीही धाकटीच्या ढंगानं, शेवटचं अक्षर ओढत. दोन्ही एकत्र वाजवलं तेव्हा थोरली म्हणाली, "पुन्हा लाव."

आता माझा शहाणपणा ऐक. आपल्या घरात पाठकोरा कागद कुणी टाकत नाही. मग कॅसेटची दुसरी बाजू कोरी कशी जाऊ द्यायची? दुसऱ्या दिवशी कॅसेट पालटली आणि थोरलीकडून नवं गाणं भरून घेतलं. नंतर कालचं ऐकावं म्हणून परत पालटून, सगळ्या पट्ट्यांच्या आवाजाची बटणं वर सारून लावलं, तर गाण्यावर चित्रविचित्र आवाज, कुणी शब्द गिळतंय असे. थोरली म्हणाली, "पुसलंस गं. दुसऱ्यांदा गेली ती."

मी धावत कोपऱ्यावरच्या एसटीडीवर. चाचा तिकडं हसायलाच लागले. "आपा, कॅसेट पालटली न्हाई ना? पालटली? अहो, याच्या चारी पट्ट्या एकाच अंगानं चालतात. पालटून भरलेल्या दोघी उरलेल्या पट्ट्यांवर उलट्या चालून राहिल्या. पहिल्या दोघींना धक्का न्हाई. तिसरं-चौथं बटण खाली ओढा."

घरी येऊन दोन्ही बटणं ओढली. गाणं स्वच्छ! थोरलीनं ओळ दिली, धाकटीनं उचलली. थोरलीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "उलट्या पायाच्या हडळी आपणच होतो की!" ते नवं गाणं मग दुसऱ्या कॅसेटवर पुन्हा भरलं. वर्षभरात गाणी सगळी उतरली. पहिल्या कॅसेटवरच्या हडळी मात्र आम्ही पुसून टाकल्या.

म्हणून तिथली तिसरी पट्टी अजून कोरी आहे. परवा तुझा फोन ठेवल्यावर थोरलीनं यंत्र खाली काढायला लावलं. मी फीत फिरवणारं रबर बदलून घेतलं, चालतंय. ती म्हणते, "दोन्हीकडून मीच किती दिवस गाऊ? पोरीला ओळ उचलता येती का बघू तरी." तुझा आवाज माझ्यावर गेलेला नाही, एवढं नशीब. तेव्हा पुढच्या सुट्टीची वाट बघू नकोस बाई. या रविवारीच गाडीत बस आणि ये.