उंबराच्या पाण्याची तळटीप

मी ख्रिस्ती धर्माचा इतिहास आणि ईशज्ञान शिकायला युरोपात जाणार, हे कळल्यावर गावाने मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, सिस्टर होणार का? दुसरा, होणार नसशील तर मग कशाला? बाईला फादर होता येत नाही, सिस्टर व्हायचं नाही, आणि तरी चर्चचा अभ्यास करायला इतक्या लांब जायचं, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. पप्पांनी तिकडे भात मिळतो का एवढंच विचारलं. ते शाळेत शिक्षक होते, आता पूर्णवेळ वाडीत असतात. वसईत होळी बाजाराच्या बाजूला आमची केळी आणि भाजीपाल्याची वाडी आहे, मागे विहीर, विहिरीला लागून उंबर. आई मात्र भेटेल त्याला सांगत सुटली होती, "ती फादरांच्याही वरचं शिकते."

एम.ए. झालं, आता प्रबंध चालू आहे. इतक्या काळात माझा जीव कधी थाऱ्यावर म्हणून राहिला नाही. तिकडे ग्रंथालयात जुन्या पोर्तुगीजमधली एक ओळ लावता लावता मन वाडीतल्या पाटाच्या पाण्यात जाऊन बसतं. इकडे आले की तिसऱ्या दिवशी वाटतं, इथे काय करते आहे मी, तिकडे कामं पडली आहेत. जेवताना उठते, चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर बसून पाय हलवते. आई म्हणते, लहानपणी मला पाळण्यातसुद्धा बांधून ठेवावं लागे. तिच्या बोलण्यात थोडी अतिशयोक्ती असते, पण फार नाही.

माझा विषय लग्नाचा आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या. पोर्तुगीजांच्या काळात आमच्या पट्ट्यातल्या नव्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नातल्या बऱ्याच चालींवर चर्चने बंदी घातली होती. हळद नको, नारळाचं दूध अंगाला लावणं नको, गाणी नकोत, वाजतगाजत पाणी आणणं नको. आणि आमच्या बायकांनी ते सगळं मान हलवून ऐकून घेतलं आणि घरी जाऊन केलं. यातली पाण्याची चाल आमच्याकडे अजून आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सवाष्णी कळश्या घेऊन विहिरीवर जातात, पुढे बँड, मागे सगळं गाव. उंबराची डहाळी घातलेलं पाणी वाजतगाजत घरी येतं आणि त्या पाण्याने नवऱ्यामुलाला किंवा नवरीला आंघोळ घालतात. त्याला आम्ही उंबराचं पाणी म्हणतो. त्यावेळी म्हणायची गाणी आईला सगळी येतात. अर्ध्या गावाच्या लग्नांत तिने पुढे उभं राहून ती म्हटली आहेत. स्वतःच्या लेकीसाठी म्हणायची मात्र राहिली होती, कारण थोरली मी, आणि मी लग्नाचं नावच काढत नव्हते.

म्हणून धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा आईचा आनंद काही वेगळाच होता. बहीण माणिकपूरला एका कार्यालयात नोकरी करते. गेली काही वर्षं ती एका प्रार्थना गटात जाते, बायबल घेऊन बसते, मनापासून बसते. तिने घरात जाहीर केलं की पाण्याबिण्याचं काही करायचं नाही, ते ख्रिस्ती नाही. आईने वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली, "नाताळला ताई येते आहे. ती शिकलेली आहे यातलं. ती सांगेल चालतं की नाही. ती सांगेल तसं करू." बहिणीनेही ते मान्य केलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

घरात आम्ही आमची बोली बोलतो. इथे ती सगळ्यांना कळेल अशी सरळ करून लिहिते आहे. आईने वाचलं तर म्हणेल, ही मी नव्हेच, ही कुणी पुण्याची बाई.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातली रोझरीची प्रार्थना झाली आणि कुणी उठेना. आईने आवाज कमी करून विचारलं, "उंबराच्या पाण्याबद्दल तुझं शिक्षण काय म्हणतं?"

आता माझी अवस्था समजून घ्या. प्रबंधाबद्दल मला आजवर घरच्यांनी एक शब्द विचारला नव्हता. तिकडे कुणी विचारलं तर आधी मला वसई कुठे आहे इथून सुरुवात करावी लागते, मग आम्ही अलीकडे बाटलेले नाही हे सांगावं लागतं, आणि विषयापर्यंत येईतो समोरच्याची कॉफी संपते. आणि इथे माझी आई, माझ्याच तिसऱ्या प्रकरणाबद्दल विचारत होती. मी उठून फेऱ्या मारत बोलायला लागले. चर्चने काय काय बंद केलं ते सांगितलं. त्यासाठी शिक्षा काय होत्या ते सांगितलं. ख्रिस्ती होण्याआधी आपल्यात उंबराला काय मान होता, आणि शेजारच्या हिंदू आळीतल्या लग्नातही पाणी कसं आणतात, सगळं सांगितलं. माझ्या मनात चित्र असं होतं की एवढं सगळं होऊनही आपल्या बायकांनी हट्टाने हे टिकवलं, केवढी मोठी गोष्ट. ती शेवटी सांगायची म्हणून मी राखून ठेवली होती. आम्हाला तशीच सवय लावतात, आधी पुरावे मांडायचे, मग निष्कर्ष.

निष्कर्षापर्यंत मला कुणी जाऊच दिलं नाही. बहीण शांतपणे म्हणाली, "म्हणजे चर्चने हे बंदच केलं होतं. आणि मुळात आपलं नव्हतंच. थँक यू, ताई."

मी म्हणाले, तसं नाही, एका अर्थी तसं आहे पण दुसऱ्या अर्थी बघितलं तर. बहीण म्हणाली, "ताई, प्लीज, लेक्चर नको. चालतं की नाही एवढं सांग." आणि मला ते सांगता आलं नाही. चालतं म्हणणारी मी कोण? इतिहासाचा माणूस काय झालं ते सांगतो, काय चालतं ते नव्हे, असं काहीतरी मी बडबडले. पप्पा ऐकता ऐकता पेंगायला लागले होते. आई माझ्याकडे बघत होती. मग ती उठली आणि भांडी आवरायला लागली.

पुढचे दिवस मला घरात बसवेना. मी फादरांना जाऊन भेटले. आमचे फादर वयाने माझ्याएवढेच आहेत, त्यांनी हसून चहा मागवला. म्हणाले, "अहो, यात पाप कसलं? माझ्या भावाच्या लग्नात मीच कळशी धरली होती. आणि तुम्ही मला विचारता? तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचलंय." मी धावत घरी आले आणि बहिणीला सांगितलं. ती इस्त्री करत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "फादर सगळ्यांनाच हो म्हणतात."

मग मी चिडले. माझं चिडणं आमच्या घरात प्रसिद्ध आहे. मी म्हणाले, आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींसाठी गाणी म्हटली, तुला तिच्यासाठी अर्धा तास ओलं व्हायला काय होतं? तुझा देव काय एवढा नाजूक आहे?

तिने इस्त्री उभी केली. "माझ्या देवाचं मी बघेन. तू तुझं बघ. तुला हे हवंय कारण तुझ्या प्रबंधात आहे. मी तुझं चॅप्टर नाही. तिकडे जाऊन आमच्यावर अभ्यास करायचा आणि इकडे येऊन आम्ही तसंच राहायला हवं. आईला एवढं पाणी ओतायचंय तर तुझ्यावर ओतू दे ना. थोरली तू आहेस."

राग इतका आला होता की कान गरम झाले, आणि त्याहून वाईट म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. सामानात मी रेकॉर्डर आणला होता. आईची गाणी विहिरीवर, बँडसकट, प्रत्यक्ष लग्नात ध्वनिमुद्रित करायची असं मी माझ्या मार्गदर्शक बाईंना सांगून आले होते. त्या खूश झाल्या होत्या. मी चप्पल घातली आणि रिक्षा पकडून पाचूबंदरला, मासळीच्या धक्क्यावर गेले. काही काम नव्हतं. बोटी लागल्या होत्या, लिलाव चालू होता, एक बाई मला सारखी बाजूला व्हायला सांगत होती आणि मी जाईन तिथे तिच्याच वाटेत येत होते. शेवटी ती म्हणाली, "पोरी, घ्यायचं नाय तर घरी जा." मी घरी गेले.

लग्न जानेवारीत झालं, चांगलं झालं. आदल्या संध्याकाळी विहिरीवर कुणी गेलं नाही. त्याऐवजी अंगणात प्रार्थना झाली, बहिणीच्या गटातली मुलं गिटार घेऊन आली होती, आणि खरं सांगायचं तर ती मनापासून गात होती. आई पुढच्या खुर्चीवर बसली होती, नव्या साडीत, हात मांडीवर. शेजारची काकू तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "काय गं, यंदा गाणी नाहीत?" आई म्हणाली, "घसा बसलाय." घसा चांगला ठणठणीत होता. सकाळीच ती बँडवाल्याशी भांडली होती. मी तिच्या शेजारी बसायला गेले, बसवलं नाही, उठून पाण्याच्या बाटल्या वाटत फिरत राहिले. बहीण मला सुंदर दिसली. तिच्यावरचा माझा राग त्याच संध्याकाळी गेला. स्वतःवरचा नाही गेला. घरातलं एक माणूस माझ्या एका शब्दावर थांबून होतं, आणि मी त्याला एक प्रकरण वाचून दाखवलं होतं.

त्यानंतर माझी जायची वेळ आली. विमान दुपारचं होतं. सकाळी मी बॅग उघडून पुन्हा भरत होते, तिसरी की चौथी खेप असेल. मागच्या दारातून आईने हाक मारली, "आंघोळ करून घे, पाणी काढलंय."

न्हाणीघर सोडून तिने मागे, विहिरीजवळच्या फरशीवर पाट मांडला होता. आजूबाजूला जुन्या साड्या बांधून आडोसा केला होता. पितळेच्या घंगाळात पाणी, वाफ येत होती, आणि पाण्यावर उंबराची पानं. पप्पांना तिने केळीचे घड बघायला पाठवून दिलं होतं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. तिने पदर खोचला, तांब्या हातात घेतला, पण पाणी काही घेईना. इतक्या सगळ्या लग्नांत पुढे उभी राहिलेली ही बाई, मला विचारत होती, "चालतं ना हे?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं. ही आंघोळ लग्नाची, माझं लग्न नाही. सवाष्णी नाहीत, बँड नाही, संध्याकाळ नाही. चर्चने काय म्हटलं होतं, लोकांनी काय केलं होतं. एका अर्थी, दुसऱ्या अर्थी.

"चालतं," मी म्हणाले आणि पाटावर बसले.

तिने पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि गाणं धरलं. हळूच, शेजारी ऐकू जाणार नाही इतपत. गाण्यात नवरीचं नाव घ्यायची जागा असते, तिथे तिने माझं नाव घेतलं. रेकॉर्डर बॅगेत तळाशी होता. घंगाळ रिकामं होईपर्यंत मी पाटावरून हलले नाही, पायसुद्धा हलवला नाही.

डोकं पुसताना ती म्हणाली, "हे तिकडे लिहू नकोस."

"नाही लिहीत."

"आणि धाकटीला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

तिसरं प्रकरण मी गेल्या महिन्यात पूर्ण करून दिलं. शेवटच्या पानावर एक वाक्य आहे, ही प्रथा आजही पाळली जाते. मार्गदर्शक बाईंनी बाकी सगळं मान्य केलं, त्या वाक्याखाली मात्र रेघ मारून समासात लिहिलं, आधार काय? तिकडच्या विद्यापीठात तळटीप नसलेलं वाक्य म्हणजे उघडं पडलेलं वाक्य, ते एक तर झाकायचं नाही तर काढून टाकायचं. गावातली दुसरी लग्नं दाखवता आली असती, पण ते वाक्य मी आमच्या मागच्या फरशीवरून लिहिलं होतं. मी त्यांना कळवलं की आधार देता येणार नाही आणि वाक्यही काढणार नाही.