कमी केलेला पंखा

माणूस खोटं बोलतो, दगड दगा देतो, मशीन मात्र खरं तेच सांगते. व्यंकटचं हे मत लातुरात ऐकलं नाही असा माणूस विरळाच. दगडावर त्याचा राग उगाच नव्हता. औसा तालुक्यातल्या त्याच्या गावात हातभर जाडीच्या दगडी भिंती होत्या, आणि लोक त्यांना सात पिढ्यांची सोय म्हणायचे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्या सोयीखाली त्याची बायको सिंधू गेली. नऊ वर्षांची शिल्पा दुपारी बाजेखाली सापडली, जिवंत, तोंडात माती. तिला बाहेर काढल्यावर एक डॉक्टरीण तिची नाडी धरून बराच वेळ बसली होती. शिल्पाला त्या दिवसाचं तेवढंच नीट आठवायचं, आणि मोठी झाल्यावर काय व्हायचं हेही तिथंच ठरलं.

बाप-लेक लातूरला आले आणि मुद्दाम पत्र्याची खोली बघून राहिले. गावात रेडिओ दुरुस्त करणारा व्यंकट इथं कॉम्प्युटर शिकला. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. अवधूत सरांच्या क्लासचा कॉम्प्युटर व्यंकटनं सांभाळायचा आणि त्याबदल्यात शिल्पानं फुकट शिकायचं, असं ठरलं. अकरावीच्या शेवटी एक परीक्षा व्हायची. पहिले साठ जण पहिल्या तुकडीत, तिथं सर स्वतः शिकवायचे. बाकीच्यांना जो मिळेल तो मास्तर.

शिल्पा अकरावीत असताना थंडीत सरांनी त्याला बोलावलं. "व्यंकटराव, समोरचा क्लास दर आठवड्याच्या चाचणीचा निकाल त्याच संध्याकाळी लावतो. आपला तिसऱ्या दिवशी. नांदेडचा एकजण नवी यंत्रणा बसवून द्यायला तयार आहे. काय करू, तुम्हीच सांगा."

"दोन आठवडे द्या सर. मी करतो ना कायतरी."

काय करणार होता, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. मुलांनी गोळे काळे केलेल्या सातशे उत्तरपत्रिका वाचताना क्लासची ती मशीन म्हाताऱ्या बैलासारखी चालायची. सुटे भाग जोडून केलेल्या कॉम्प्युटरमध्ये सेटिंग बदलून प्रोसेसर ठरल्यापेक्षा जोरात पळवता येतो. पण हा कंपनीचा तयार डबा. त्याच्या मदरबोर्डवर तसलं सेटिंगच ठेवलेलं नव्हतं, आणि मागच्या स्क्रूवर कंपनीचं स्टिकर, फाटलं की वॉरंटी गेली. नांदेडचा माणूस आला तर आपण घरी, आणि शिल्पाही घरी, एवढं मात्र व्यंकटला लख्ख दिसत होतं.

हैदराबादहून भाग आणणाऱ्या एका व्यापाऱ्यानं त्याला युक्ती सांगितली. प्रोसेसरच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. त्यातल्या एका ठरावीक दातावर चिकटपट्टी लावली की बोर्ड फसतो, हा प्रोसेसर जास्त वेगाचाच आहे असं समजून त्याला दीडपट पळवतो. रविवारी दुपारी क्लास बंद असताना व्यंकटनं गरम चमच्यानं स्टिकर अलगद सोडवलं आणि तिळाएवढी पट्टी लावली. मशीन अशी धावली की गडी एकटाच टाळ्या वाजवायला लागला.

"सरांना सांगू नको," त्यानं शिल्पाला बजावलं. "स्टिकर काढलं म्हणून कळलं तर लई वांदा होईल."

वेग वाढला तशी उष्णता वाढली, म्हणून त्यानं आत मोठा पंखा बसवला. पुढच्या रविवारी शिल्पा बापाच्या मदतीला मशीनवर उत्तरपत्रिका लावायला बसली. पंखा सुरू झाला, टेबल थरथरलं आणि त्यावरचा स्टीलचा पेला किणकिणू लागला. दुसऱ्या क्षणी खुर्ची आडवी आणि पोरगी अनवाणी अंगणात. ओठ पांढरे, दोन्ही हात डोक्यावर.

"हाललं आप्पा! तुमाला कळलं न्हाई का?"

"पंखा हाय गं माये. नुसता पंखा."

दुसऱ्या कुठल्या गावचा कारागीर असता तर त्यानं पेला उचलून बाजूला ठेवला असता आणि कामाला लागला असता. व्यंकटला ते जमलं नाही. त्यानं पंख्याची वायर विजेच्या कमी दाबाच्या तारेला जोडली. पंखा संथ झाला, टेबल गप्प झालं. तासभर मशीन चालवून बघितली, ठीक चालली. चालणारच, थंडीचे दिवस होते. सरांचा निकाल संध्याकाळी लागू लागला आणि नांदेडच्या माणसाचं नाव निघेनासं झालं.

तुकड्या ठरवणारी परीक्षा झाली एप्रिलमध्ये. लातूरचा एप्रिल, त्यात क्लासमधली पत्र्याखालची खोली. मशीन बंद पडली असती तर बरं झालं असतं. ती बंद पडली नाही, संथ पंख्यानं तापली आणि मधूनच काही उत्तरपत्रिका चुकीच्या वाचत गेली, गाजावाजा न करता. फळ्यावर यादी लागली. शिल्पाचा नंबर तीनशे एकाहत्तरावा, सातवी तुकडी.

"आप्पा, पेपर बरा गेल्ता," ती हळूच म्हणाली.

"मशीन मी सोता बघितली. ती चुकत न्हाई. तुझंच ध्यान न्हाई अभ्यासात." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो पुढं म्हणाला, "तुझी माय असती तर तिला काय वाटलं असतं?"

शिल्पानं मान खाली घातली ती घातलीच. सातव्या तुकडीत वर्षभरात चार मास्तर बदलले. बारावीला तिला मेडिकलला पुरतील एवढे मार्क पडले नाहीत. ती डी.एड. झाली आणि मुखेडजवळच्या शाळेत लागली.

पाच वर्षांनी क्लासनं ती जुनी मशीन भंगारात काढली, तेव्हा व्यंकटनं ती घरी आणली. आतल्या जुन्या फाइली पुसता पुसता त्याला लेकीची उत्तरपत्रिका दिसली, पडद्यावर, तिनं नीट काळे केलेले गोळे. शेजारी बरोबर उत्तरांची आणि सगळ्यांच्या मार्कांची यादी होती. त्यानं पेन्सिल घेतली आणि एकेक गोळा मोजला. मग पुन्हा मोजला. तिसऱ्यांदाही मार्क तेच आले. त्या मार्कांवर शिल्पाचा नंबर एकविसावा येत होता.

तो मुखेडच्या एसटीत बसला. शिल्पा शाळेतून नुकतीच आली होती. पाणी प्यायच्या आधीच त्यानं सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या, लहान पोरासारखा रडत. शिल्पानं त्याला बाजेवर बसवलं.

"मला ठाव हाय आप्पा. त्याच दिवशी मोजलं होतं मी. उत्तरं फळ्यावर लागली होती, माझ्या खुणा प्रश्नपत्रिकेवर होत्या."

"मग बोलली का न्हाईस? सरांची भीती? माझं काम जाईल म्हणून?"

"न्हाई." ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "पंखा माझ्यापायी कमी केल्ता तुमी."